पंपाची लाइन

१९९८ साली खैरोलीच्या वरच्या वाडीत एकच फ्रीज होता आणि तो कौसरच्या घरात होता. तिचा नवरा मन्सूर तेव्हा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो रत्नागिरीहून टेम्पोत घालून आणला. पुढे कितीतरी दिवस वाडीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून तो बघायला यायच्या. कुणाच्या पोराला ताप चढला की बर्फ कौसरकडून जायचा, कुणाकडे पाहुणे टेकले की थंड पाण्याची बाटली कौसरकडून. कौसर कुणाला नाही म्हणायची नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. शेजारच्या सोनूकाकी तर सरळ मागच्या दाराने आत यायच्या, फ्रीज उघडायच्या, हवं ते घ्यायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "तुझ्या घरात ठेवलं काय नि माझ्या घरात ठेवलं काय, एकच गो."

मग बघता बघता वाडी पालटली. कुवेतचा पैसा आला, मुंबईचा आला, कौलं उतरली आणि स्लॅब पडले. घरोघरी मिक्सर, टीव्ही, फ्रीज, कपडे धुवायचं मशीन. न्हाणीघरातली चूल विझली आणि भिंतीवर गिझर लागला. वाडीचा ट्रान्सफॉर्मर मात्र होता तोच, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, उतारावर, पूर्वी दहा-वीस बल्बांसाठी बसवलेला. मन्सूर २००४ मध्ये कायमचा परत आला आणि त्याने एसी बसवला. "इतकी वर्षं थंड हवेत झोपलोय," तो म्हणाला. "आता ह्या वयात घामाने भिजायला नाही जमणार." मिरजोळ्याच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता त्यांच्या दारावरूनच जात होता. त्याने पुढच्या खोलीचं दुकान केलं आणि आइस्क्रीमचा मोठा फ्रीजर आणून ठेवला. कारखान्याची पाळी सुटली की कामगार थांबायचे. दुकान चांगलं चाललं.

पुढच्या वर्षी थंडी सरली आणि लोडशेडिंग सुरू झालं. आधी दुपारचे काही तास, मग संध्याकाळचेही. पेपरात वेळापत्रक यायचं आणि ते सोडून भलत्याच वेळी लाइट जायची. सोनूकाकींचे यजमान आप्पा एसटीतून निवृत्त झालेले. ते संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे आणि मन्सूरशी वाद घालायचे.

"आपल्याच जिल्ह्यात एवढा मोठा वीजप्रकल्प उभा केला," आप्पा म्हणायचे, "तो चार वर्षं झाली बंद. नि आपण बसलोय मेणबत्त्या लावून."

"तो चालू झाला तरी पुरणार नाही, आप्पा. वापर किती वाढलाय बघा. सगळ्या देशात तीच गत आहे. वीज बनते त्याच्या दुप्पट लोकांना हवी असते."

"मग तुमचा एसी बंद करा की."

"माझा एक एसी बंद केला म्हणून महाराष्ट्र उजळणार आहे का?"

दोघंही हसायचे. कौसर आतून ऐकायची आणि तिलाही हसू यायचं.

मार्चमध्ये एका दुपारी लाइट गेली ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. फ्रीजरमधलं सगळं आइस्क्रीम पाघळलं. कौसरने आणि मन्सूरने मिळून ते मागच्या फणसाखाली ओतलं. गुलाबी, पिवळा लगदा मातीवर पसरला आणि त्याला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मन्सूर शिवा फिटरला घेऊन आला. शिवा खासगी कामं करणारा, गावोगाव मोटारी दुरुस्त करत फिरणारा माणूस. तो घराच्या मागच्या कुंपणाशी बराच वेळ वर बघत उभा राहिला.

कुंपणापलीकडून विजेची एक वेगळी लाइन जात होती. ती गावाच्या पाणीयोजनेची. नदीकाठच्या विहिरीवर पंप होता आणि तो सड्यावरच्या टाकीत पाणी चढवायचा. त्या पाण्यावर तिन्ही वाड्या जगायच्या, म्हणून पंपाच्या लाइनीला लोडशेडिंग नव्हतं. सगळं गाव अंधारात असलं तरी त्या तारांत वीज असायची.

शिवाने त्या तारेवर आकडा टाकला. वायर फणसाच्या फांद्यांतून आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली आणि फ्रीजच्या मागे भिंतीवर एक खटका बसवला. "लाइट गेली की खाली ओढायचा," तो कौसरला म्हणाला, "आली की वर. एवढंच, भाभी."

"हे काय आहे?" तिने मन्सूरला विचारलं.

"स्पेशल लाइन."

"अर्ज केला होता?"

"करतो. मीटरचं बिल आपण भरतोच आहोत ना?"

तिला काय ते कळलं होतं, पण तो ओतलेला लगदाही तिच्या डोळ्यांसमोर होता. मन्सूर दिवसभर दुकानात किंवा बाजारात, म्हणून खटका ओढायचं काम तिच्याकडेच आलं. पहिल्या दिवशी हात जरा अडखळला. मग सवय झाली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सोनूकाकी मागच्या दाराने आल्या. बाहेर सगळी वाडी काळोखात बुडालेली आणि कौसरच्या स्वयंपाकघरात ट्यूब जळत होती. त्या दारातच थबकल्या.

"तुमच्याकडं कशी गो लाइट?"

"इन्व्हर्टर घेतलाय," कौसर म्हणाली.

कुणी तिला हे सांगायला सांगितलं नव्हतं. मन्सूरशी तसं काही ठरलं नव्हतं. शब्द तिच्याच तोंडातून आला, आणि इतका सहज आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

"बरं केलंस," सोनूकाकी म्हणाल्या. "मग एक काम कर माझं. आप्पांना आता साखरेचं इंजेक्शन चालू केलंय. डॉक्टर बोलले, थंडात ठेवा. माझा फ्रीज काय, निम्मा दिवस नुसतं कपाटच. तुझ्याकडं ठेवू?"

"ठेवा ना, काकी. विचारायचं काय त्यात."

त्या रोज दोनदा इंजेक्शनसाठी येऊ लागल्या. प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन यायच्या, कधी चार आमसुलं, कधी परसातली अळूची पानं. "तुझ्यामुळं निभतंय हो," म्हणायच्या. कौसर ती पानं घ्यायची आणि लगेच पाठ फिरवून काहीतरी कामाला लागायची.

इन्व्हर्टरची बातमी वाडीत पसरली. शिवालाही कामं मिळाली. रस्त्याकडेच्या आणखी दोन घरांत दिवे सुरू झाले आणि विचारलं की तिथेही तेच उत्तर मिळू लागलं, "इन्व्हर्टर घेतलाय." कौसरने ते ऐकलं. तिचा शब्द उचलून लोकांनी वापरायला घेतला होता.

एप्रिल लागता लागता नळाचं पाणी कमी झालं. आधी रोज सकाळी यायचं, ते एक दिवसाआड यायला लागलं. मग आलं तरी करंगळीएवढी धार. वरची वाडी उंचावर, म्हणून तिचे हाल जास्त. बायका हंडे घेऊन पुन्हा जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या, जिचं पाणी दहा वर्षांत कुणी प्यायलं नव्हतं. आणि सगळ्यांची बोटं धोंडूकडे वळली.

धोंडू पंपावरचा माणूस. सकाळी सायकलवर विहिरीकडे जायचा, पंप चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा. कधी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तो सांगायचा की मोटर उचलतच नाही, नुसती गुणगुणते नि गरम होते, व्होल्टेज मिळत नाही. लोक म्हणायचे, त्या लाइनीला लोडशेडिंग नाही, मग व्होल्टेज जाईल कुठे? हा पंप चालू करून झोपतो. नाहीतर चालूच करत नाही.

एक मेच्या ग्रामसभेआधीच मोटर जळली. शाळेच्या पडवीत सभा भरली तेव्हा लोक भडकलेलेच होते. कौसर बायकांत बसली होती. सोनूकाकी तिच्या शेजारी. धोंडू खांबाला टेकून उभा होता, हातात टोपी.

"मोटर जळली ती कुणाच्या हातून?" सरपंच आत्माराम यांनी विचारलं.

"माज्याच हातून," धोंडू म्हणाला. "पन मी सांगत हुतो, व्होल्टेज नाय. मी महिनाभर सांगतोय."

"बाकीच्या गावांचे पंप चालतात ते कसे?"

मग बायका बोलायला लागल्या. सोनूकाकी उठून उभ्या राहिल्या. "ह्या वयात डोक्यावर हंडा घेऊन मी चढ चढतेय," त्या म्हणाल्या. "घरात आजारी माणूस हाय. तुला लाज नाय वाटत, धोंडू? कामाचा कंटाळा आला तर सरळ सांग नि सोड."

धोंडूने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली मान घातली.

पुरुषांच्या बाजूला मन्सूर भिंतीकडे बघत बसला होता. त्या दुसऱ्या दोन घरांतली माणसंही होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन पुन्हा मागे गेलं. धोंडूला काढलं. खालच्या वाडीतल्या विठूला नेमलं. ठरावाला हात वर करा म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर कौसरचाही हात वर गेला.

घरी येऊन तिने बुरखा काढला नाही, तशीच खुर्चीवर बसून राहिली. मन्सूर आला तेव्हा म्हणाली, "ती वायर काढा."

"मोटर जुनी होती. आपल्यामुळेच जळली कशावरून?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही, नि तुलाही नाही," तो म्हणाला आणि दुकानात गेला. त्या दुपारी लाइट गेली तेव्हा ती खटक्याजवळ गेली नाही. मन्सूरने स्वतः येऊन तो ओढला.

दोन-तीन दिवसांनी सोनूकाकी आल्या त्या खुशीत होत्या. "सागरचा फोन आला हुता मुंबईहून," त्या म्हणाल्या. सागर त्यांचा मुलगा. "बोलला, आई, तुमालाही इन्व्हर्टर घेऊन देतो. कुठला घ्यायचा ता बघून सांग. जरा दाखव गो तुमचा. नाव लिहून घेते."

कौसर कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"तो मागच्या खोलीत आहे, काकी. खोलीला कुलूप आहे. चावी ह्यांच्याकडे."

"नाव तरी सांग."

"नाव... मला नाही आठवत."

घर त्या वेळी थंडगार होतं. पंखा फिरत होता, फ्रीज चालू होता, आतल्या खोलीत एसी घरघरत होता, आणि बाहेर सबंध वाडीची लाइट गेलेली होती. सोनूकाकींनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग फ्रीजमागच्या भिंतीकडे, जिथून वायर खिडकीबाहेर गेली होती. खिडकीतून फणस दिसत होता आणि फणसापलीकडे खांब. त्या कौसरकडे बघत राहिल्या, आणि कौसरला वर मान करता येईना. कणकेचा गोळा ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

"बरं," सोनूकाकी शेवटी म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढच्या दाराने आल्या. इतक्या वर्षांत त्या पुढच्या दाराने कधी आल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "इंजेक्शन दे. माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवीन. डॉक्टर बोलले, तसं चालतं."

"काकी, राहू द्या ना इथंच."

"नको." त्यांनी डबी पदरात घेतली. त्या पायऱ्या उतरून जाईपर्यंत कौसर दारात उभी होती. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

मेअखेर शिवा धावत आला. विजेचं भरारी पथक आलंय, शेजारच्या गावात आकडे पकडलेत. मन्सूरने त्याच तासाला वायर काढवली, गुंडाळून माळ्यावर टाकली. त्या दोन घरांतल्याही वायरी उतरल्या. नवी मोटर त्याच आठवड्यात बसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं ते असं जोरात की हंड्याबाहेर उसळलं.

वाडीत आनंद झाला. विठूचं कौतुक झालं. "बघा," लोक म्हणाले, "माणूस बदलला नि पाणी आलं. दोष त्या धोंडूचाच होता." कौसर नळावर उभी होती आणि ते ऐकत होती. मन्सूरने चोरी थांबवली होती ती भीतीने, आणि थांबवल्यामुळे धोंडू आता सगळ्या गावात खरोखरचा कामचुकार ठरला होता. त्याला कुणी कुठल्या कामाला बोलवेना. तिने भरलेला हंडा उचलला तो डोक्यावर ठेवताना अर्धा सांडला.

जुलैत भाताच्या लावण्या सुरू झाल्या. धोंडू दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जातो असं तिच्या कानावर आलं. एका सकाळी ती छत्री घेऊन निघाली. तो चिखलात वाकून रोपं लावत होता, पाठीवर इरलं. बाकीची माणसं लांबच्या चोंढ्यात, खालच्या भातखाचरात, होती. ती बांधावर थांबली.

"धोंडूदादा, पंपाच्या बाबतीत तुमची काही चूक नव्हती."

तो वाकलेलाच होता. "कोन बोललं?"

"तुमच्या लाइनीवर आमचा आकडा होता. मार्चपासून. आमचा नि आणखी दोघांचा. तीन घरांनी वीज ओढली म्हणून मोटर उचलत नव्हती."

धोंडू सरळ झाला. हातातली जुडी त्याने तशीच धरली.

"मला वाटायला लागलं हुतं, माजंच कायतरी चुकतंय," तो म्हणाला. "इतकी वर्सं पंप चालवला नि आता मला जमत नाय. झोपेतपन माजा हात त्या बटनावर जायचा. माजी बायको गंगू बोलायची, वैद्याला दाखवा."

"मला माफ करा, दादा."

"माज्या कानात सांगून काय हुनार, भाभी? मला काय तुमी एकट्यात काडलात? साऱ्या गावासमोर काडलात."

तो पुन्हा वाकला आणि लावायला लागला. ती परत फिरली.

धोंडूला सगळं सांगून आले, असं तिने मन्सूरला सांगितलं. तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. केस होईल, दुकान जाईल, अब्रू जाईल, विषय मिटलेला असताना तुला उकरायची हौस का, असं बरंच बोलला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही झोप येत नाही. पण बोलून काय होणार आहे?" दिवस जात राहिले. पावसात पाण्याचा प्रश्नच नव्हता. गाव ते सगळं विसरून गेलं, आणि आपल्यालाही हळूहळू विसरता येईल की काय, याची तिला कधी आशा वाटायची, कधी भीती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पडवीत पुन्हा सभा बसली. रस्ता, शाळेचं छप्पर, गणपतीआधी दिव्यांचे बल्ब असे विषय झाले. सरपंचांनी आणखी कुणाला काही बोलायचंय का विचारलं, तेव्हा सोनूकाकी उठल्या.

"धोंडूला परत कामावर घ्या," त्या म्हणाल्या.

"का? विठू चांगलं करतोय की."

"विठू चांगला हाय. पन धोंडूची चूक नव्हती."

"मेमध्ये तर तुम्हीच त्याला जास्त बोललात, काकी."

"बोलले. माजं चुकलं."

"मग चूक कुणाची होती?"

सोनूकाकींनी कौसरकडे पाहिलंही नाही. मुद्दाम समोर, फळ्याकडे बघत राहिल्या.

"असं कसं चालेल? काहीतरी कारण सांगा."

"मला वाटतं म्हणून," त्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. "काकींना स्वप्न पडलं," एक जण म्हणाला. सोनूकाकींची मान ताठ होती. त्या कुणाला झाकत होत्या ते त्या पडवीत कौसरइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला ते हसू ऐकवेना. ती उठली.

"चूक आमची होती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की पुढच्या दोन ओळींपलीकडे गेला नाही. तिने पुन्हा म्हटलं. "पंपाच्या लाइनीवर आमच्या घराचा आकडा होता. मार्चपासून मेपर्यंत. खटका मी ओढायचे. आमच्याकडे इन्व्हर्टर कधीच नव्हता. मी खोटं सांगितलं."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"भाभी, बसा," सरपंच घाईघाईने म्हणाले. "आपण नंतर बोलू. घरात बसून बोलू."

"धोंडूदादांना सगळ्यांसमोर काढलं. मीही हात वर केला होता."

त्या दुसऱ्या दोन घरांतली माणसं जमिनीकडे बघत होती. तिने त्यांची नावं घेतली नाहीत. मन्सूर उठून बाहेर गेला. तिला वाटलं तो निघून गेला. पण तो पागोळ्यांखाली भिजत उभा राहिला, आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "वायर मी घातली होती. हिने नाही. जे काय व्हायचं ते माझ्या नावावर होऊ दे."

व्हायचं ते झालं. वीज खात्याचा माणूस येऊन पंचनामा करून गेला, मन्सूरने दंड भरला, महिनाभर दुकान बंद राहिलं. धोंडूला परत घेण्याचा ठराव त्याच दिवशी झाला, पण तो सभेला नव्हताच. सरपंचांनी निरोप धाडला तेव्हा त्याने सांगितलं की भातकापणीपर्यंत लोकांना शब्द दिलाय, त्यानंतर बघू. दिवाळीनंतर तो पंपावर परतला.

कौसरने लोकांच्या शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. शिव्या कुणी दिल्या नाहीत. उलट बायका नळावर तिला म्हणायच्या, "त्यात काय एवढं? आजकाल कोण आकडा टाकत नाही? सगळीकडेच चाललंय." त्या तिला धीर द्यायला म्हणायच्या, आणि त्याच वेळी तिची मान सर्वांत खाली जायची.

सोनूकाकी एकदा ओढ्यावर भेटल्या. "मी पन त्याची लाज काढली हुती," त्या म्हणाल्या. "जाऊन आले त्याच्या घरी. गंगू आत या बोलली नाय. अंगणातूनच परत आले." मग त्या आणि कौसर बरोबर चालत वाडीपर्यंत आल्या, आणि आपापल्या दाराने आत गेल्या.

धोंडू आता रोज सकाळी सायकलवरून तिच्या दारावरून जातो. पूर्वी तो कुंपणाशी पाय टेकून "काय भाभी, पानी आलं का बरोबर?" असं विचारायचा. आता विचारत नाही. ती अंगण झाडत असली तर झाडू थांबवते, तो वळणापलीकडे जाईपर्यंत खाली बघत उभी राहते, आणि मग पुन्हा झाडायला लागते.